पडद्यावरचे चाळीस मासे

माझ्या दुकानात दिवसभर तलावावरून एकच आवाज येत असतो. आधी ‘सटाक’, मग ‘डुबुक’. सटाक म्हणजे माझ्या आईची गोफण, आणि डुबुक म्हणजे त्या गोफणीतला दगड पाण्यात पडला. मागच्या श्रावणापासून हे चालू आहे. माझा धंदा फवारणीचे पंप आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचा. वाइंडिंगला बसलं की तारेचे वेढे मोजावे लागतात. एकोणसाठ, साठ, एकसष्ट, आणि तेवढ्यात सटाक. आकडा गेला. तार उकला, पुन्हा एकपासून सुरू करा. माणसाने किती सहन करावं याला काही माप असायला पाहिजे.

आईला सांगून उपयोग नाही. भिमाबाईचं वय बहात्तर, गुडघे गेलेले, पण खांदा अजून शाबूत. वरच्या गावातल्या पुंजाजीभाऊंच्या वडिलांच्या ज्वारीवर ती तीस हंगाम राखणीला होती. माळ्यावर उभी राहून ती पोपटाच्या चोचीपुढून दगड काढायची आणि पोपटाला लागू द्यायची नाही, असं गावातले म्हातारे अजून सांगतात. पुढे ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि गोफण खुंटीला लागली. ती पुन्हा खाली उतरली माझ्या बायकोच्या माशांसाठी.

आता बायकोचे मासे. सुवर्णाने मागच्या उन्हाळ्यात घरोघर फिरून अकरा बायका जमवल्या आणि गावचा पाझर तलाव ग्रामपंचायतीकडून मासेपालनाला घेतला. सहा जणी आमच्या वस्तीतल्या, पाच वरच्या गावातल्या. पुंजाजीभाऊंची बायको विमलबाई तर नवऱ्याशी भांडून आली. जुलैत रोहू-कटल्याचं बोटभर बीज सोडलं. ऑगस्टमध्ये तलाव भरून सांडव्यावरून पाणी जायला लागलं, तेव्हा मासे वाहून जाऊ नयेत म्हणून अकरा जणींनी एकेक जुनी साडी काढली, शेडनेटच्या जाळीवर शिवली आणि सांडव्याला आडवी बांधली. गाव आठवडाभर हसत होतं.

पाणी ओसरलं, साड्या सुटल्या, हसू मात्र राहिलं. कारण तेव्हापासून त्या तलावात कोणाला मासा दिसलाच नाही. दोनदा जाळं ओढलं, दोन्ही वेळा ते बाभळीच्या बुंध्यांत अडकून फाटलं. तलाव होण्याआधी तिथे बाभूळबन होतं, त्याचे खुंट पाण्याखाली तसेच आहेत. एक वाळलेली बाभूळ तर पाण्याबाहेर डोकं काढून उभी आहे. सुवर्णा तिच्या फांदीला रोज संध्याकाळी भोकं पाडलेली कोंड्याची पिशवी पाण्यात टांगायची, माशांचं जेवण म्हणून. सकाळी पिशवी रिकामी असायची.

“मासे नाहीत तं कोंडा कोन खाते?” ती विचारायची.

“पानी खाते,” पुंजाजीभाऊ म्हणायचे. “हे तं लोणारचं तळं झालं बाप्पा. पानी गंज, मासा एक नाही.”

हळूहळू गटातल्या बायकांचाही धीर सुटला. शेवटी ठरलं की येत्या रविवारी तलावावर बैठक घ्यायची. मासे आहेत असं दिसलं तर ठेवायचं, नाही तर तलाव परत करून मोकळं व्हायचं. परत केला की बाहेरचा ठेकेदार टपलेलाच होता. सुवर्णा जेवताना मला म्हणाली, “मी अकरा दारात जाऊन शब्द देल्ला हाये. तलाव गेला तं मी त्या दाराइसमोरून कशी जाऊ?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी मूर्खपणा करतो. मी माझ्या मावसभावाला, प्रसेनजितला फोन केला.

प्रसेनजित कोकणात बंदरावर नोकरीला आहे. त्याने त्याच्याकडचं मासे शोधायचं जुनं यंत्र पार्सलने पाठवलं. डब्याएवढा पडदा, त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला वाटीएवढा सेन्सर. सेन्सर पाण्यात बुडवायचा. तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला किंवा माशाला आपटून परत येतो आणि पडद्यावर उमटतो. सोबत जाडजूड पुस्तक होतं. ते मी उघडलंही नाही. पुस्तक वाचून यंत्र चालवायला मिस्त्री कशाला लागतो? ही माझी पहिली चूक, आणि ती माझ्या नावावरच लिहावी.

गुरुवारी दुपारी आम्ही पाण्यात उतरलो. आमची होडी म्हणजे थर्माकोलचे दोन मोठे ठोकळे, नायलॉनच्या दोरीने आवळलेले, आणि वर आईची जुनी बाज. बाजेवर मी आणि सुवर्णा, मध्ये फवारणी पंपाची बॅटरी, बॅटरीला जोडलेलं यंत्र. वाऱ्याने तराफा वाहत जातो म्हणून तो त्या वाळलेल्या बाभळीलाच बांधला. चौदा फूट पाणी. मासे असलेच तर कोंड्यापाशी असणार, हा सुवर्णाचा हिशेब. हिशेब बरोबर होता.

पण तोच हिशेब पाणकावळ्यांचाही होता. त्या बाभळीवर चार पाणकावळे पंख पसरून बसलेले असायचे. आई त्यांच्यासाठीच बांधावर उभी असायची.

सटाक. दगड माझ्यापासून चार हातांवर पाण्यात गेला.

“माय! मी अथीच हावो!”

“तुले नाही लागत,” आई बांधावरून ओरडली. “पाखराले हाकलून राह्यली मी. तू मान हालवू नोको.”

मान न हलवता मी यंत्र चालू केलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. वरपासून खालपर्यंत ठिपके, आडव्या रेघा, काहीच कळेना. दहा मिनिटं बटणं दाबून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सुवर्णाने तिचा मोबाइल त्याच बॅटरीवर चार्जिंगला लावलाय.

“काढ तो.”

“काऊन? चार टक्के राह्यली.”

“त्या चार्जरचा सगळा कचरा पडद्यावर येऊन राह्यला. काढ!”

तिने काढला. मुंग्या कमी झाल्या आणि खाली तळाची जाड पट्टी दिसली. बांधावर तोवर गटातल्या बायका जमल्या होत्या, आणि प्रत्येकीला या यंत्रातलं माझ्याहून जास्त कळत होतं. कोणी म्हणे सेन्सर हलवा, कोणी म्हणे उलटा धरा. विमलबाई ओरडली, “भाऊ, टीव्हीसारखं वरून एक थापड मारून पाहा!”

“आवाज वाढवा न वो,” सुवर्णा म्हणाली.

“तो आवाज नाही, सेन्सिटिव्हिटी आहे. म्हणजे किती बारीक गोष्ट पकडायची ते.”

“मंग बारीकच तं पाहजे! आपले मासे काय म्हशीएवढे हायेत?” आणि माझा हात बाजूला सारून तिने आकडा शंभरावर नेला.

झालं. यंत्रात एक सोय असते, काहीही आडवं आलं की त्याच्या जागी माशाचं चित्र दाखवायची. ती चालूच होती. टूं, एक मासा. सटाक, डुबुक, टूं, दुसरा मासा. बाभळीच्या फांद्या, पाण्यातला गाळ, बुडबुडे, सगळ्यांचे मासे झाले. पडदा लग्नाच्या पंगतीसारखा भरून गेला. मी “थांब, थांब” म्हणेपर्यंत सुवर्णाने फोटो काढला, मासे मोजले आणि फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. खाली लिहिलं, ‘चाळीस मासे, एका जागी.’ बांधावर बायकांनी टाळ्या पिटल्या. आईने त्या आनंदात अजून दोन दगड मारले.

रात्री प्रसेनजितचा फोन आला. आधी तो नुसता हसत होता.

“दादा, चवदा फूट पान्यात चाळीस मोठे मासे? तू बाज पान्यावर टाकली का माशाइच्या पाठीवर?”

“मंग काय हाये ते?”

“काहीच नाही. कचरा. पुस्तक वाचलं का?”

मी पेन शोधलं. मग त्याने एकेक सांगितलं आणि मी मोटारीच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं. माशांची चित्रं आधी बंद कर. सेन्सिटिव्हिटी साठावर आण आणि तिथून हळूहळू वाढव, कचरा दिसायला लागला की दोन आकडे मागे ये. खोली यंत्रावर सोडू नको, स्वतः सोळा फूट बांधून दे, म्हणजे पडदाभर तेवढंच पाणी मोठं दिसेल. वरच्या दोन फुटांतल्या लाटा गाळायचं वेगळं बटण आहे, ते लाव. आवाजाचा झोत रुंदच ठेव, उथळ पाण्यात अरुंद झोतात खाटेएवढीही जागा दिसत नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्याप्रमाणे केलं. एकेक बटण, एकेक आकडा, आणि प्रत्येक आकड्यागणिक पडदा धुतल्यासारखा स्वच्छ होत गेला. तळ सुईने ओढल्यासारखा सरळ आला. बाभळीचा बुंधा वेगळा, कोंड्याची पिशवी वेगळी. आयुष्यात मी एवढं सुंदर काम क्वचित केलं असेल. आणि त्या सुंदर, स्वच्छ पाण्यात मासा एकही नव्हता.

सुवर्णा माझ्या खांद्यावरून पाहत होती. “मासे कोठी गेले?”

“नव्हतेच.”

“काल चाळीस होते!”

“तो कचरा होता. आता जे दिसते ते खरं.”

“खरं काय? रिकामं पानी? काल होतं तसं करून द्या.”

“सुवर्णा, मी खोटं दाखवत नाही.”

“तुमाले मासे दिसत नाहीत म्हणून ते खोटे? तुम्हीच घालवले बटणं दाबून! परवा रायवार हाये. गुरवारी आलेले मासे अन् शुकरवारी तुम्ही पुसून टाकले!”

“ते मासे नव्हते!”

“मंग काय होतं?”

 “फांद्या अन् बुडबुडे,” मी म्हणालो, आणि ती पाठ करून बसली. थर्माकोलच्या तराफ्यावर पाठ करून बसणं सोपं नसतं. बाज एका बाजूला कलली, सेन्सर पाण्याबाहेर आला, बॅटरी घसरली. ती मी पायाने अडवली, तर पाय ओला. सटाक, डुबुक. “माय, थांब न बे!” मी ओरडलो. आईला बे म्हणालो म्हणून बांधावरच्या अकरा बायका मला बोलल्या. त्या दिवशी मला कोणी जेवायला वाढलं नाही. मी हाताने घेतलं.

तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. स्वच्छ पडद्यावरही मध्येच एखादी बारीक उभी रेघ उमटायची आणि सरकून जायची. निम्म्या पाण्यात सुरू व्हायची, तळाला संपायची. कचरा असता तर गाळला गेला असता. फांदी असती तर सारखी दिसली असती. मासा उभा पोहत नाही. जळलेल्या मोटारीत एक तार कुठे जाते ते कळत नसेल तर मला झोप येत नाही, तसंच झालं. घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतंच, म्हणून मी ते जाड पुस्तक वाचून काढलं. त्यात पडदा सरकण्याचा वेग कमी-जास्त करायचं बटण होतं. आमचं यंत्र अगदी हळू चाललं होतं.

शनिवारी सकाळी मी एकटाच गेलो. बाभळीला दोरी बांधली, वेग वाढवला आणि वाट पाहत बसलो.

सटाक. डुबुक. आणि पडद्यावर रेघ. या वेळी ती उभी नव्हती. वेग वाढल्याने ती ताणली जाऊन तिरकी झाली होती, उतारावरून खाली यावं तशी. वरून खाली, तळापर्यंत, आणि तिथेच थांबलेली. मी पुढच्या दगडाची वाट पाहिली. सटाक, डुबुक, रेघ. पुन्हा सटाक, पुन्हा रेघ. सात दगड, सात रेघा.

गुरुवारच्या मोठ्या माशांपैकी निम्मे माझ्या आईचे दगड होते.

मला आधी हसू आलं, मग संताप आला. कोंड्याची पिशवी समोर लोंबत होती. आम्ही माशांना रोज जेवायला बोलावत होतो आणि दिवसभर त्यांच्या ताटावर दगड मारत होतो. पाच महिने. कोणता मासा येईल? अंधार पडल्यावर आई घरी गेली की येत असतील, कोंडा खात असतील आणि उजाडायच्या आत पलीकडच्या पाणकणसाच्या दाटीत जाऊन लपत असतील. तिथे जाळं जात नाही, तराफा जात नाही. म्हणून कोणाला मासा दिसला नव्हता.

पण हे आईला सांगायचं कोणी? पहाटे उठून, गुडघ्याला तेल चोळून, नाल्यातले गोल दगड निवडून पाटीभर घेऊन बांधावर जाणारी बाई. पाच महिन्यांत तिने एक दिवस खाडा केला नव्हता. मी सुवर्णाला गाठून सांगितलं. 

“मायले नोका सांगू,” ती म्हणाली. “दुसरं काही कारन सांगून घरी बसवा.”

“अन् सोमवारी ती पुन्हा जाईन. माय कारन सांगून बसनारी हाये का?”

मी बांधावर गेलो आणि आईला म्हणालो, चल, यंत्र दाखवतो. तिला धरून तराफ्यावर बसवलं. स्वतःच्या जुन्या बाजेवर ती मांडी घालून ऐसपैस बसली आणि पडद्याकडे डोळे बारीक करून पाहू लागली. तिच्या ओच्यात चार-पाच दगड होते.

“माय, एक दगड हातानंच पान्यात सोड.”

तिने सोडला. पडद्यावर तिरकी रेघ वरून खाली गेली.

“हे काय?”

“तुहा दगड.”

तिने दुसरा सोडला. रेघ. तिसरा सोडला आणि या वेळी तिने पाण्याकडे पाहिलंच नाही, ती नुसती पडद्याकडे पाहत राहिली. चौथा दगड तिच्या मुठीतच राहिला. मला काही बोलावं लागलं नाही. तीस वर्षं पाखरांची नजर ओळखत उभ्या राहिलेल्या बाईला मी काय समजावणार होतो!

“ज्वारी पळत नाही,” ती म्हणाली. “दगड इकडे पडो का तिकडे, कनीस जागीच राह्यते. मासा पळते, हे मले कोनी सांगतलं नाही.”

 पाच महिने तो डुबुक मी दुकानात बसून ऐकला होता. दर डुबुकला चिडलो होतो, ते फक्त माझा आकडा जातो म्हणून. दगड कुठे पडतो याचा विचार मी एकदाही केला नव्हता. मिस्त्री म्हणवतो स्वतःला.

“मी त्याइले राखून राह्यली होती,” ती एवढंच म्हणाली. आणि ओच्यातला उरलेला दगडही तिने बाजेवर ठेवला, पाण्यात टाकला नाही.

शनिवारी दुपारपासून तलावावर दगड पडला नाही. रविवारी सकाळी बाभळीवर चारचे नऊ पाणकावळे झाले. आई बांधावर बसून होती, गोफण मनगटाला गुंडाळलेली, हात मांडीखाली दाबलेले. मी तिला घरी चल म्हणालो नाही.

चार वाजता बैठक. अकरा बायका, आणि न बोलावलेलं निम्मं गाव. पुंजाजीभाऊ सगळ्यांत पुढे. मी तराफा बाभळीला न बांधता जरा अलीकडे काठीला अडकवला, आकडे कालचेच ठेवले, आणि यंत्राचा पडदा व्हिडिओ कॉल लावून बांधावरच्या सुवर्णाच्या मोबाइलवर दाखवत राहिलो. अर्धा तास काही नाही.  मग कोंड्याच्या पिशवीखाली एक पुसट कमान उमटली. मग दुसरी. जाड, पिवळी, दोन्ही टोकांना खाली वाकलेली. पुस्तकात मासा जसा असतो म्हणून छापलंय, अगदी तसा. मी मोजत गेलो. बारा.

“मासे!” मी ओरडलो. “बारा हायेत! खरे!”

बांधावर कोणी टाळी वाजवली नाही.

“गुरवारी चाळीस होते,” पुंजाजीभाऊ मोठ्याने म्हणाले. “तुह्याच बायकोनं फोटो टाकला. शुकरवारी तूच म्हने ते खोटे. आज बारा खरे. उद्या काय सांगशीन धम्मा? अन् मासे कोठी हायेत याच्यात? ह्या तं पिवळ्या रेघा हायेत. गुरवारी निदान माशासारखे मासे तं होते!”

लोक हसले. मला त्या क्षणी ते यंत्र, ती बॅटरी, ते पुस्तक, सगळं उचलून पाण्यात टाकावंसं वाटलं. खोटं दाखवलं तेव्हा टाळ्या, खरं दाखवलं तर साक्षीदार आणा! विमलबाई नवऱ्याकडे आणि मोबाइलकडे आळीपाळीने पाहत होती. सुवर्णाने मान खाली घातली होती. ती हरली, हे मला तराफ्यावरून दिसत होतं.

तेवढ्यात एक पाणकावळा बाभळीवरून सुटला आणि पिशवीपाशी बुडी मारून गेला. आम्ही सगळे पाहत राहिलो. तो वर आला तेव्हा त्याच्या चोचीत मासा होता. तळहाताहून रुंद, उन्हात चकाकणारा, शेपूट आपटणारा रोहू. पाखराला तो गिळवेना. मान झटकत, पाणी उडवत ते मासा फिरवू लागलं.

अकरा बायका एका दमात किंचाळल्या. “मावशी, मारा! मारा त्याले! आपला मासा घेऊन चालला!”

आई उठून उभी राहिली होती. गोफण तिच्या हातात सुटलेली होती. पण तिने हात वर केला नाही.

“थांबा जराक,” ती म्हणाली. “पुंजाजीभाऊले पाहू द्या.”

पुंजाजीभाऊ पुढे सरकून अगदी पाण्याच्या काठावर आले होते, चप्पल चिखलात. तोंड उघडं. “एवढा?” त्यांनी स्वतःचा पंजा पसरून पाहिला. “साडीनं अडवला एवढा?”

“आता पाह्यला न?” आईने विचारलं, आणि गोफण डोक्यावरून फिरवली.

सटाक.

मी सवयीने मान आत ओढली. नऊच्या नऊ पाणकावळे उडाले. चोचीतला मासा सुटला आणि पाण्यात पडला, डुबुक. मी पडद्याकडे पाहिलं. बारा कमानींतली एकही हलली नव्हती. त्यांच्या शेजारी एक तिरकी रेघ खाली जात होती, पण ही रेघ निम्म्यातच वळली आणि पिशवीपासून दूर पळाली.

“नेम चुकला का भिमाबाई?” पुंजाजीभाऊंनी विचारलं. “पाखराले लागला नाही.”

“गोफनीत दगडच नव्हता भाऊ.”

पुंजाजीभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. मग चिखलातून चप्पल ओढून काढत विमलबाईला म्हणाले, “मी घरी चाललो. तू ये बैठक झाल्यावर.” बैठक लगेचच झाली. सुवर्णाने नुसतं विचारलं, तलाव ठेवायचा का, आणि विमलबाईचा हात सगळ्यांत आधी वर गेला. उरलेले मी मोजले नाहीत, कारण सुवर्णा रडायला लागली होती आणि मला तराफा काठाला आणायचा होता.

आईने पाटीतले सगळे दगड बांधाच्या पलीकडच्या उतारावर ओतले. कोणाची मदत घेतली नाही.

आज सोमवार. सकाळपासून मी पुंजाजीभाऊंची मोटार भरायला बसलोय. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. सटाक. मी हात थांबवला आणि कान पाण्याकडे लावले. काहीच पडलं नाही. मी अजून थोडं थांबलो. डुबुक आलाच नाही, आणि त्याची वाट पाहण्यात माझा आकडा पुन्हा गेला.